कुत्र्याची खाज दर पावसाळ्यात परत येते: तपासायला कुठून सुरुवात करायची

जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागतो आणि जुलै अर्धा उलटला की आमच्या इंदूरच्या दवाखान्यात खाजेच्या तक्रारींची रांग लागते. लॅब, पग, शिह त्झू, जर्मन शेफर्ड, आणि गल्लीतून उचलून घरी आणलेली गावठी पिल्लंसुद्धा. हकीगत बहुतेक वेळा सारखीच असते. मागच्या वर्षीही असंच झालं होतं, एक इंजेक्शन दिलं, दोन दिवसांत खाज गेली, महिन्याभरात परत आली, मग परत इंजेक्शन. "डॉक्टर, तेच देऊन टाका ना, त्यानंच बरं वाटतं त्याला."

बरं वाटतं हे खरं आहे. ते इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचं असतं. स्टेरॉइड पिसवांची खाज दाबतं, धुळीची दाबतं, थोडीफार खाण्यातल्या अॅलर्जीचीही दाबतं. म्हणूनच त्यानं आराम पडला यावरून खाज कशाची होती, हे फारसं कळत नाही. कारण जागेवरच राहतं, औषधाचा असर ओसरतो आणि कुत्रा पुन्हा रात्रभर पंजे चाटत बसतो.

कुत्र्याच्या अॅलर्जीचं निदान एका रक्ततपासणीत होत नाही. आधी पिसवा आणि लूत बाजूला काढायची, मग जंतू आणि बुरशी, मग खाणं, आणि हे सगळं करूनही जी खाज उरते तिला हवेतल्या-घरातल्या गोष्टींची अॅलर्जी म्हणायचं. क्रम हाच. ज्यांनी मधली पायरी गाळली ते वर्षानुवर्षं त्याच चक्रात फिरताना मी पाहते, आणि त्यात हाल त्या मुक्या जिवाचे होतात.

आधी नीट बघा: खाज कुठे, कधीपासून, आणखी कोणाला

औषध आणायच्या आधी कुत्र्याला उजेडात आडवं पाडून बघा. कंबरेचा मागचा भाग, शेपटीचं मूळ आणि मांड्यांची मागची बाजू इथे केस तुटलेले, खपल्या धरलेल्या असतील तर पहिला संशय पिसवांवर. कानांच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे इथे जाड खपल्या आणि जीव नकोसा करणारी खाज असेल तर लूत. पंजे, तोंड, काखा, पोट आणि कानाची आतली बाजू असं मिळून असेल तर खाणं किंवा हवेतली अॅलर्जी. या दोहोंत नुसतं बघून फरक करता येत नाही, अनुभवी डॉक्टरलाही नाही. केस गेलेले आहेत पण कुत्रा खाजवत नाही, तर गोष्ट वेगळी: डेमोडेक्स नावाचा केसांच्या मुळाशी राहणारा किडा, नायटा, किंवा थायरॉइडसारखा हार्मोनचा बिघाड.

मग वय. खाज पहिल्यांदा कधी सुरू झाली ते आठवा. हवेतल्या गोष्टींची अॅलर्जी साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. पाच महिन्यांचं पिल्लू खाजवत असेल तर आधी किडे, मग खाणं. आठ वर्षांपर्यंत कातडी निरोगी होती आणि आता अचानक खाज आली, तर थेट अॅलर्जीवर उडी मारू नका.

घरात आणखी कोणाला खाजतंय का, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते आणि लोक संकोचतात. संकोचू नका. कुत्र्याला मांडीवर घेणाऱ्या माणसाच्या हातांवर, कंबरेवर बारीक खाजऱ्या पुळ्या आल्या असतील तर लुतीचा तो मोठा धागा आहे. कुत्र्याच्या लुतीचा किडा माणसाच्या अंगावर पिढी वाढवू शकत नाही, त्यामुळे कुत्र्यावर इलाज झाला की माणसाचं आपोआप थांबतं. पण निदानाला त्या पुळ्यांची मदत होते.

आणि लिहून ठेवा. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतंच. दर रविवारच्या चौकोनात खाजेला शून्य ते दहा असा आकडा द्या: शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे खाणं, खेळणं, झोप सगळं सोडून खाजवणं. औषध दिलं त्या दिवशी खूण करा. तीन महिन्यांनी ते पान उलटून पाहिलं की जे दिसतं ते कुठल्याही आठवणीपेक्षा खरं असतं. खाज फक्त पावसाळ्यात वाढते की बाराही महिने असते, हे त्यावरूनच कळतं, आणि पुढचा निम्मा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

"आमच्याकडे पिसवा नाहीतच"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकते, आणि खाज परत परत येण्याचं सगळ्यात मोठं कारणही याच वाक्यामागे लपलेलं असतं.

पिसवांची अॅलर्जी असलेल्या कुत्र्याच्या अंगावर अनेकदा पिसू सापडत नाही, कारण तो दिवसभर चाटून-चावून त्या गिळून टाकतो. आणि त्याला ढीगभर पिसवा लागतही नाहीत. अॅलर्जी पिसवेच्या लाळेची असते; थोडेसे चावे कित्येक दिवसांच्या खाजेला पुरतात. शेजारच्या कुत्र्यावर मूठभर पिसवा असूनही तो निवांत असतो आणि आपला दोन पिसवांनी हैराण होतो, त्याचं कारण हेच.

बारीक दातांच्या फणीनं शेपटीच्या मुळाजवळचे केस विंचरा. फणीत काळे कण आले तर ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा कापसावर ठेवा. साधी माती असेल तर मातीच राहील. कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. कण मिळाले नाहीत तरी पिसवा नाहीत असं सिद्ध होत नाही, म्हणून ही पायरी मी कोणालाच गाळू देत नाही.

आता इलाज का फसतो ते बघू. अंगावर दिसते ती पिसू म्हणजे घरातल्या एकूण पिसवांचा अगदी छोटा हिस्सा. अंडी अंगावरून घरंगळतात आणि कुत्रा जिथे झोपतो तिथे पडतात: दिवाणाखाली, पायपुसण्यात, जुन्या फरशीच्या फटीत, ओसरीच्या कोपऱ्यातल्या गोणपाटावर. अंड्यातून अळी आणि अळीतून कोष. कोषातल्या पिसवेवर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही, ती तशीच महिनोन्‌महिने थांबू शकते, आणि जवळून कोणी चाललं, ऊब लागली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर येते. उन्हाळी सुट्टीत पुण्याला किंवा नागपूरला जाऊन परत आल्यावर बंद घरात पिसवांचा सुळसुळाट दिसतो तो यामुळे. म्हणून एकदा औषध लावून, एक आंघोळ घालून हे संपत नाही. किमान तीन महिने सलग, आणि घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला. एकाला दिलं आणि मांजराला सोडलं, तर कोणालाच दिलं नाही असं समजा.

औषधांत आज सगळ्यात भरवशाच्या त्या खायच्या गोळ्या: अफॉक्सोलॅनर आणि सॅरोलॅनर महिन्याला एक, फ्लुरालॅनर साधारण बारा आठवड्यांना एक. वजन करूनच घ्यायच्या. मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून दोन छोट्यांत वाटायची नाही. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांत झटके येऊ शकतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये तसा इशाराही दिला आहे. फायदा असा की याच गोळ्या लुतीच्या आणि डेमोडेक्सच्या किड्यांवरही चालतात. म्हणजे तीन महिन्यांत तीन संशय एकदम निकालात निघतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. घरात मांजर असेल तर कुत्र्याची पर्मेथ्रिन असलेली पावडर किंवा मानेवर सोडायचं औषध तिच्याजवळही नेऊ नका. मांजराचं शरीर ते निकामी करू शकत नाही. थरथर, झटके आणि मृत्यूपर्यंत गोष्ट जाते. डबीवरचं नाव वाचा.

घरासाठी: अंथरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्यात, दिवाण-कपाटाखाली व्हॅक्यूम, नसेल तर ओला पोछा कोपऱ्यांत नीट. पायऱ्यांखाली गल्लीतले कुत्रे झोपत असतील तर तिथेही झाडलोट करा. त्यांना हाकलून काही साधत नाही, जमलं तर सोसायटीतल्या चार घरांनी मिळून त्यांनाही गोळी द्यावी. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ घातली तर सहसा नुकसान नाही, पण तेवढ्यानं पिसवा जात नाहीत.

गोचीड दिसली की लोक खाज तिच्या नावावर टाकतात. गोचीड खाजेपेक्षा तापासाठी धोकादायक. ती काढाच, पण खाजेचा शोध तिथे थांबवू नका.

लूत आणि जळकं ऑइल

कानाची कड दोन बोटांत धरून चोळली आणि कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवायच्या आविर्भावात हलू लागला, तर लुतीचा संशय बळावतो. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पण लुतीचा किडा अनेकदा सापडतच नाही, म्हणून संशय पक्का असेल तर रिपोर्ट निगेटिव्ह असूनही इलाज करून बघणं योग्य ठरतं. गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑइल, रॉकेल, फिनाईल यांतलं काहीही कुत्र्याच्या अंगाला लावू नका. कुत्रा ते चाटतो, कातडीतूनही ते आत जातं, आणि यकृत-मूत्रपिंडांवर बेततं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वस्त म्हणून सर्रास दिलं जातं. कोली या लांब केसांच्या मेंढपाळी जातीच्या आणि तिच्या संकरातल्या काही कुत्र्यांत एका जनुकाच्या दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोहोचतं आणि विष ठरतं. आपला कुत्रा कोलीसारखा दिसत असेल तर विचारल्याशिवाय ते देऊ देऊ नका.

वास येतोय का?

अॅलर्जीनं कातडीची भिंत कमजोर होते. मग तिच्यावर नेहमी राहणारे स्टॅफिलोकोकस जंतू आणि मॅलासेझिया नावाची बुरशी माजतात, आणि स्वतःची वेगळी खाज सुरू करतात. पावसाळ्यात ओल्या बोटांच्या बेचक्यांत, कानात, मानेच्या वळ्यांत हे फार लवकर होतं. "गोळी चालू आहे तरी खाज थांबत नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

बुरशीचा वास खवट, जुन्या तेलासारखा. कातडी चिकट, तपकिरी मळ धरलेली, आणि जुनं प्रकरण असेल तर हत्तीच्या चामडीसारखी काळी जाड. जंतूंच्या पुळ्या पोटावर बघा: पिवळ्या टोकाचे फोड, आणि फुटून गेल्यावर उरलेली गोल खवल्यांची कडी. ही कडी बघून घरोघरी "नायटा झालाय" असं ठरवलं जातं आणि मेडिकलमधून माणसाची ट्यूब आणली जाते. तिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड अशी खिचडी असते. कुत्रा ती चाटतो, कातडी पातळ होते, आणि खरा नायटा असेल तर तो स्टेरॉइडखाली आणखी पसरतो. ही ट्यूब कृपा करून लावू नका.

इथे करायची तपासणी साधी आणि स्वस्त आहे: पारदर्शक चिकटपट्टी किंवा काचपट्टी कातडीवर दाबून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. दवाखान्यातच थोड्या वेळात होते. तिच्यावाचून अँटिबायोटिक लिहून दिलं जात असेल तर तुम्ही स्वतः विचारा, "आधी स्लाइड बघू या का?" विचारण्यात गैर काही नाही.

वरवरच्या संसर्गाला पोटातून अँटिबायोटिक देण्याची घाई आता करू नये, आधी अंगावर इलाज. क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू, बुरशी असेल तर त्यात मायकोनाझोलही, आठवड्यातून दोनदा. फसतो तो इथे: लावला, चोळला, धुवून टाकला. असं केलं तर पैसे मोरीत गेले. कोमट पाण्यानं भिजवा, जिथे त्रास जास्त तिथून लावायला सुरुवात करा, आणि घड्याळ बघून दहा मिनिटं तसाच राहू द्या. मग भरपूर पाण्यानं काढा, बेचक्या टॉवेलनं कोरड्या करा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. माणसाचा शाम्पू नको, अंगाचा साबण नको, डेटॉल तर नकोच.

अँटिबायोटिक द्यायची वेळ आलीच तर ठरलेले दिवस पूर्ण. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून अर्धी पट्टी ठेवून द्यायची आणि पुढच्या महिन्यात तीच काढायची, यातूनच कशालाही न जुमानणारे जंतू तयार होतात. आधी दोन-तीन अँटिबायोटिक होऊन गेली असतील तर पुढचं देण्यापूर्वी कल्चर, म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघणारी तपासणी, करून घ्या.

कानाचं वेगळं सांगते, कारण काही कुत्र्यांत अॅलर्जी फक्त कानातच दिसते. वर्षातून तीन-चारदा कान येत असतील तर ती कानाची नाही, अॅलर्जीची तक्रार समजा. कापसाच्या काड्या आत घालू नका. पडदा शाबूत आहे की नाही हे डॉक्टरांनी बघेपर्यंत घरातले कुठलेच थेंब सोडू नका.

संसर्ग आणि पिसवा दोन्ही काबूत आले की कालनिर्णयवरचा आकडा बघा. आठाचा एक झाला असेल तर पुढे जायची घाई नाही. आठाचा पाच झाला आणि तिथेच अडला, तर ती उरलेली खाज अॅलर्जीची.

खाण्याची परीक्षा, म्हणजे घराची परीक्षा

खाज फक्त जुलै ते ऑक्टोबर असेल आणि बाकी वर्ष कातडी स्वच्छ असेल तर ही पायरी सोडायला हरकत नाही. खाणं बाराही महिने तेच असतं. वर्षभर खाज असेल, बरोबर अधूनमधून पातळ शी, दिवसातून तीन-चारदा शी, ढुंगण घासत चालणं असं असेल, तर ही परीक्षा द्यावीच लागते.

कुत्र्यांच्या खाण्याच्या अॅलर्जीवर आधी प्रसिद्ध झालेली माहिती २०१६ मध्ये एकत्र तपासली गेली. २९७ कुत्र्यांत गोमांस ३४ टक्के, दूध-दुभतं १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के असं निघालं. ते आकडे मुख्यतः परदेशातल्या कुत्र्यांचे, म्हणून गोमांस वर. पण आपल्या इंदुरातल्या मराठी घरातल्या कुत्र्याच्या ताटलीत काय असतं ते बघा: सकाळी दूध-पोळी, दुपारी दही-भात, संध्याकाळी चिकनचं ड्राय फूड. यादीतली उरलेली तिन्ही नावं एका दिवसात. अॅलर्जी नव्या पदार्थाची क्वचित होते, वर्षानुवर्षं खाल्लेल्याची होते. म्हणून "पण तो लहानपणापासून हेच खातोय" हा पदार्थाच्या बाजूचा पुरावा नाही.

ब्रँड बदलून पाहणं म्हणजे परीक्षा नव्हे. पाकिटावर कोकराचं चित्र असतं आणि मागे घटकांत चिकन सापडतं. रक्ताची, केसांची, लाळेची "फूड अॅलर्जी टेस्ट" यावर पैसे घालवू नका; त्या भरवशाच्या नाहीत. खरी परीक्षा एकच: आठ आठवडे असं खाणं, ज्यात कुत्र्यानं पूर्वी खाल्लेलं प्रथिन नाही. अॅलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त पाच आठवड्यांत सुधारतात आणि ९० टक्क्यांहून जास्त आठ आठवड्यांत, म्हणून आठ. तीन आठवड्यांत "फरक नाही" म्हणून सोडणं हे न केल्यासारखंच.

शाकाहारी घरांना मी हायड्रोलाइज्ड खाणं सुचवते. त्यातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीर सहसा ओळखत नाही. महाग आहे, पण आठ आठवड्यांचा प्रश्न आहे. घरी शिजवायचं असेल तर एकच नवं प्रथिन आणि एकच पिष्ट: कुत्र्यानं कधी मासे खाल्ले नसतील तर मासे आणि रताळं. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर कुत्र्याला विषारीच. वाढत्या पिल्लाला नुसत्या घरच्या जेवणावर ठेवू नका, कॅल्शियम आणि बाकी क्षारांचा हिशोब डॉक्टरांबरोबर बसून करा.

आणि मग घर. तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट मोजायची: चघळायच्या काड्या, बिस्किट, चिकनच्या चवीच्या गोळ्या, मांजराची वाटी, सकाळी नातवाच्या बशीतून सांडलेले पोहे आणि शेव. पिसवांची गोळीही मांसाच्या चवीची असू शकते, त्या काळापुरती कुठली चालेल ते विचारून घ्या.

इंदूरच्या लोकमान्य नगर, रामबाग, सुदामा नगर इथल्या जुन्या घरांत शेवटची पोळी कुत्र्याची, हा नेम आजी पिढ्यान्‌पिढ्या पाळत आली आहे. तिला "देऊ नका" म्हणणं मला पटत नाही आणि त्याचा उपयोगही होत नाही. ती माघारी देतेच, आणि देते ती मायेनं. त्यापेक्षा परीक्षेच्या खाण्यातला दिवसाचा एक वाटा वेगळ्या डब्यात काढून आजींच्या हाती द्या. देणारा हात तोच, फक्त डबा दुसरा. ज्या घरांनी असं केलं तिथे परीक्षा पार पडली. नेमाची पोळी बाहेरच्या कुत्र्याला घालता येतेच.

सुरुवातीला कुत्र्याचे हाल होत असतील तर खाजेचं औषध द्यायला हरकत नाही, मात्र शेवटचे दोन-तीन आठवडे ते बंद हवं, नाहीतर श्रेय कोणाला द्यायचं तेच कळणार नाही. आठ आठवड्यांनी खाज गेली तर जुनं खाणं परत सुरू करा. मला ठाऊक आहे, बरा झालेला कुत्रा बघून ही हिंमत होत नाही. पण आठ आठवड्यांत ऋतूही पालटलेला असतो. खाज खाण्यामुळे गेली की पाऊस संपल्यामुळे, हे जुनं खाणं परत दिल्यावरच ठरतं. बहुतेकदा चौदा दिवसांच्या आत खाज परत येते. आली की नवं खाणं पुन्हा सुरू, आणि मग एकेक पदार्थ आठवड्या-दोन आठवड्यांनी देऊन नेमका गुन्हेगार शोधायचा. दूध निघालं तर दूध बंद, पोळी चालू. इतकं सोपं आयुष्य पुढे मिळतं.

उरली ती हवेतली

हे सगळं होऊनही खाज राहिली तर अॅटोपी, म्हणजे हवेतल्या-घरातल्या गोष्टींची अॅलर्जी. त्यासाठी पशुवैद्य २०१० मध्ये फाव्रो आणि सहकाऱ्यांनी मांडलेले आठ निकष वापरतात: तीन वर्षांच्या आत सुरुवात, घरात राहणारा कुत्रा, स्टेरॉइडनं थांबणारी खाज, वारंवार बुरशी, पुढचे पंजे आणि कानाच्या पाळ्या बाधित, कानाच्या कडा आणि पाठीचा मागचा भाग मात्र स्वच्छ. यांतले पाच जुळले तर संशय दाट. पण आधीच्या पायऱ्या झालेल्या असतील तरच त्यांना अर्थ. कातडीत टोचून किंवा रक्तातून करायच्या अॅलर्जी चाचण्या निदानासाठी नसतात, लस बनवायला कोणता घटक घ्यायचा ते ठरवण्यासाठी असतात.

इंदूरमध्ये मला तीन गोष्टींवर लक्ष ठेवावंसं वाटतं. पहिली धुळीतले किडे: कापसाच्या गाद्या, गोधड्या, दिवाण. दुसरी कूलर. एप्रिलपासून चालणाऱ्या कूलरनं खोलीत दमटपणा वाढतो, आणि दमट हवेत धुळीचे किडे आणि बुरशी दोन्ही फोफावतात. जाळीचं गवत दर मोसमाला बदला, पाणी साचू देऊ नका, कुत्र्याची गादी त्याच्या झोतात ठेवू नका. तिसरी मोकळ्या प्लॉटवरचं गाजर गवत. पावसात ते कमरेएवढं होतं. फिरायला नेताना त्यातून नेऊ नका, आणि घरी आल्यावर पंजे व पोट ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करा. ड्राय फूडची गोणी पावसाळ्यात उघडी ठेवली तर साठवणीतले किडे त्यातही होतात. घट्ट झाकणाचा डबा हवा.

अॅटोपी बरी होत नाही, काबूत राहते. हे पहिल्याच दिवशी ऐकायला जड जातं, पण ऐकलेलं बरं. औषधांत प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी थोड्या दिवसांसाठी, कमी करत नेऊन, उत्तम आहे, महिनोन्‌महिने नाही. लांब पल्ल्याच्या स्टेरॉइड इंजेक्शनपेक्षा मी गोळी पसंत करते, कारण त्रास झाला तर गोळी कमी करता येते, दिलेलं इंजेक्शन परत काढता येत नाही. ऑक्लासिटिनिब लवकर लागू पडतं, पण वर्षाच्या आतल्या कुत्र्याला नको. सायक्लोस्पोरिनला चार ते सहा आठवड्यांची वाट पाहावी लागते. लोकिवेटमॅबचं इंजेक्शन खाजेचा निरोप पोहोचवणाऱ्या एकाच प्रथिनाला अडवतं आणि चार ते आठ आठवडे टिकतं. अॅलर्जीची लस हा मुळावरचा एकमेव इलाज. तिचा निकाल लावायला वर्षभर द्यावं लागतं. सेट्रिझिनसारख्या गोळ्यांनी फार थोड्यांना फरक पडतो, आणि सर्दीच्या मिश्र गोळ्या कुत्र्याला धोक्याच्या. ओमेगा-३ हळूहळू काम करतं, दोन-तीन महिन्यांनी बाकीच्या औषधाची मात्रा थोडी उतरते. गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर १९५५ पासून चालू असलेलं महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरहून जवळच आहे.

नीट चाललं होतं, अचानक बिघडलं

अशा वेळी पहिला फोन "मात्रा वाढवू का?" असा येतो. आधी तीन गोष्टी बघा. पिसवांच्या गोळीची तारीख उलटली का? कातडीला वास, पुळ्या, चिकटपणा आहे का? पाहुण्यांनी, सणासुदीला, बाहेरचं काही खायला घातलं का? गणपती-दिवाळीनंतरच्या आठवड्यांत तिसऱ्याचं उत्तर बहुतेक "हो" येतं. या तिन्हींत काही नसेल तर मग औषधाचा विचार.

तोंड-डोळे सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि बरोबर उलट्या किंवा श्वासाला त्रास, तर वाट न बघता दवाखाना गाठा, रात्र असली तरी. बऱ्याच दिवसांपासून स्टेरॉइड चालू असेल तर ते एकदम बंद करू नका. तेही जिवावर बेतू शकतं.

नव्या डॉक्टरकडे जाताना आधीच्या दोन-तीन दिवसांत आंघोळ घालू नका, मलम लावू नका, नाहीतर स्लाइडवर काही दिसत नाही. जुन्या चिठ्ठ्या सगळ्या न्या. "एक लाल इंजेक्शन दिलं होतं" यावरून आम्हाला काहीच करता येत नाही. नाव आणि तारीख हवी. खाज जोरात असताना मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला कुत्रा खाजवत नाही. आणि कालनिर्णयची ती पानं फाडून बरोबर आणा.